वेन पुन्हा पुन्हा निघते? नवा ग्लू आणण्याआधी हे तपासा

कार्बन किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बाणांना घरीच वेन, म्हणजे बाणाच्या शेपटीवरचे प्लास्टिकचे पंख, चिकटवणाऱ्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आणि कंपाउंड (चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) तिरंदाजांसाठी हे लिहिलं आहे. स्पिन वेन (पातळ, वळलेल्या वेन) आणि पिसं वापरणाऱ्यांचे प्रश्न थोडे वेगळे असतात, ते पुढे घेतले आहेत.

वेन निघाली की पहिला संशय ग्लूवर जातो आणि महागडी बाटली विकत घेतली जाते. पण ग्लू मुळात वाईट असणं फार क्वचित घडतं. खरा दोष बहुतेक वेळा चिकटणाऱ्या पृष्ठभागात असतो, नाहीतर बाण सुटताना वेन कुठेतरी आपटत असते. यातलं नेमकं काय घडतंय हे निघालेली वेन आणि तिची शाफ्टवरची (बाणाच्या दांडीवरची) जागा पाहून कळतं. म्हणून निघालेली वेन फेकू नका आणि शाफ्ट लगेच खरवडू नका.

लक्षणं

- वेन अख्खी, सरळ सोलल्यासारखी निघते आणि तिला काहीही इजा झालेली नसते.
- पुढचं टोक आधी सुटतं, मग हळूहळू मागेपर्यंत उचकटत जातं.
- नॉककडचं (दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेकडचं) टोक उचललेलं दिसतं, बाकीची वेन घट्ट असते.
- प्रत्येक बाणाची त्याच जागेवरची वेन निघते, उदाहरणार्थ नेहमी खालची.
- वेनची कड फाटलेली, सुरकुतलेली किंवा चकचकीत घासलेली दिसते.
- ग्लूभोवती शाफ्टवर पांढरी भुकटी जमते.
- वेन टिकतात, पण लक्ष्यावरचा बाणांचा गट विस्कटतो किंवा बाण उडताना शेपटी हलवतो.

आता तपासण्या, बिनखर्चिक आणि सोप्या आधी.

१. आधी शाफ्ट शाबूत आहे का?

या तपासणीचा वेनशी थेट संबंध नाही, तरी ती पहिलीच. वेन निघालेला बाण बहुधा कशाला तरी आपटलेला असतो, आणि तडा गेलेला कार्बन बाण सोडताना फुटला तर त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. शाफ्टची दोन टोकं दोन हातांत धरा, चेहऱ्यापासून लांब ठेवा, हलकासा वाकवा आणि फिरवत फिरवत चारही बाजूंनी तेच करा. कटकट आवाज आला, धागे उभे राहिलेले दिसले किंवा बोटाला आडवी भेग लागली, तर तो बाण संपला. तो मधोमध तोडून टाका, म्हणजे चुकून पुन्हा भात्यात जाणार नाही. नॉकच्या खाचेच्या तळाशी बारीक चीर आहे का, तेही उजेडाकडे धरून पाहा. नॉक स्वस्त असतो, शंका आली तर बदला.

२. ग्लू कुठे राहिला ते पाहा

सगळ्यांत जास्त माहिती हीच तपासणी देते आणि तिला एक पैसाही लागत नाही. निघालेल्या वेनचा तळ आणि शाफ्टवरची तिची जागा, दोन्ही शेजारी धरा.

ग्लूची पूर्ण पट्टी वेनच्या तळावर आणि शाफ्ट कोरा करकरीत, असं दिसलं तर शाफ्ट नीट साफ झालेला नाही. थेट तपासणी ६ कडे जा.

पट्टी शाफ्टवर आणि वेनचा तळ गुळगुळीत, असं असेल तर वेनचा तळ ग्लू धरत नाही. तपासणी ७ पाहा.

थोडा ग्लू इकडे, थोडा तिकडे आणि मध्ये तुटलेला खडबडीत थर असेल, तर चिकटण्याचं काम ठीक झालं होतं. एकतर ग्लूचा थर जाड होता किंवा वेनला जोरदार मार बसला. तपासणी ३, ४ आणि ५ तुमच्यासाठी.

मधोमध ग्लू आहे आणि दोन्ही टोकांना अजिबात नाही, तर वेन क्लॅम्पमध्ये (वेन धरून शाफ्टवर दाबणाऱ्या चिमट्यात) शाफ्टवर पूर्ण टेकलीच नव्हती. तपासणी ८ पाहा.

३. लक्ष्य बाण गिळतंय का?

जुन्या फोमच्या किंवा गवती लक्ष्याचा मधला भाग भुसभुशीत झालेला असतो. बाण तिथे वेनपर्यंत आत जातो आणि बाहेर ओढताना वेन उलट दिशेने सोलली जाते. अशा वेनचं मागचं टोक आधी सुटतं. बाण किती खोल गेलाय ते पाहा. वेन आत शिरत असेल तर लक्ष्याचा कोपरा वापरा, मागे दुसरा थर लावा किंवा मधला भाग बदलून घ्या. क्लबमध्ये सगळ्यांच्याच वेन निघत असतील तर दोष जवळपास नक्की इथेच आहे, आणि घरी कितीही निगुतीने चिकटवलंत तरी तो जाणार नाही.

काढण्याची पद्धतही पाहा. लक्ष्याजवळ शाफ्ट पकडा, सरळ मागे ओढा. वेनला धरून ओढू नका.

४. वेन कुठे आपटतेय?

बाणांना आणि नॉकला १, २, ३ असे आकडे द्या. प्रत्येक बाणावर तिन्ही वेनना बारीक मार्करने अ, ब, क लिहा, इंडेक्स वेन (वेगळ्या रंगाची) नेहमी अ. मग दोन-तीन सराव होऊ द्या आणि कुठल्या बाणाची कुठली वेन निघते ते टिपत जा. निघणाऱ्या वेन विखुरलेल्या असतील तर दोष चिकटवण्यात आहे. प्रत्येक वेळी ‘ब’च निघत असेल तर ती कशाला तरी लागतेय.

कशाला लागतेय ते लिपस्टिकने कळतं. तिन्ही वेनच्या बाहेरच्या कडेला लिपस्टिकचा पातळ थर लावा, जवळच्या अंतरावरून लक्ष्यात एक बाण सोडा आणि रेस्ट (बाण टेकतो तो आधार), प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची कळ), रायझरची (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाची) खिडकी, कंपाउंड असेल तर केबल आणि केबल गार्ड (केबल बाजूला धरणारी दांडी) नीट पाहा. डाग पडलाय तिथे वेन लागते. डाग कापसाने लगेच पुसून टाका, नाहीतर पुढच्या वेळी जुनाच डाग फसवेल.

उपाय बहुधा नॉक फिरवण्यात असतो. रिकर्व्हवर इंडेक्स वेन रायझरपासून बाहेरच्या बाजूला हवी. तरीही आतली वेन रेस्टच्या तारेला लागत असेल तर नॉक जरासा, साधारण १० अंश फिरवून पुन्हा लिपस्टिक लावा. कंपाउंडवर ब्लेड रेस्ट (पातळ पट्टीचा रेस्ट) असेल तर दोन वेनच्या मधून ब्लेड सुटलं पाहिजे. योग्य जागा सापडली की सगळ्या बाणांचे नॉक तसेच फिरवा. जुन्या अ‍ॅल्युमिनियम शाफ्टवर ग्लूने बसवलेला नॉक असेल तर तो फिरत नाही, काढून नवा बसवावा लागतो.

नॉक कसाही फिरवला तरी डाग पडतोच, असं झालं तर बाणाचा स्पाइन धनुष्याशी जुळत नसण्याची शक्यता मोठी. स्पाइनचा आकडा म्हणजे एकमेकांपासून २८ इंच अंतरावर दोन आधार देऊन मधोमध १.९४ पौंडांचं वजन टांगल्यावर शाफ्ट इंचाच्या किती हजारांश भागांनी वाकतो ते. आकडा जितका लहान तितका शाफ्ट कडक. फार मऊ किंवा फार कडक बाणाची शेपटी सुटताना धनुष्याच्या जवळून नीट वाट काढत नाही. हे वेन चिकटवून सुटणारं दुखणं नाही.

५. ग्लू किती जुना, किती जाड?

घरगुती वापरात दोन प्रकारचे ग्लू येतात. एक सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा. दुसरा फ्लेचिंगसाठीचा (वेन-पिसं चिकटवण्यासाठीचा) द्रावकयुक्त ग्लू, जो हळूहळू वाळतो. दोन्ही चालतात, वागतात मात्र वेगळे.

सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे त्याचा थर पातळच हवा. वेनच्या तळावर पेनच्या रेघेएवढी बारीक एकच रेघ ओढा. जाड थर आतून नीट पिकत नाही आणि वर ठिसूळ होतो. ‘जास्त लावू म्हणजे पक्कं बसेल’ हा समज जितक्या वेन पाडतो तितक्या खराब ग्लूने पडत नाहीत. पाण्यासारखा पातळ ग्लू वेनखालून वाहून जातो, म्हणून मध्यम दाटपणाचा किंवा जेल घ्या. क्लॅम्पमध्ये १५ ते २० सेकंद पुरतात, पण बाण मारायचे दुसऱ्या दिवशी.

द्रावकयुक्त ग्लूला क्लॅम्पमध्ये प्रत्येक वेनमागे १० ते १५ मिनिटं लागतात. एक क्लॅम्प आणि १२ बाण असतील तर ३६ वेनचं काम एका संध्याकाळी उरकत नाही. घाई करणाऱ्यांच्या वेन याच ग्लूने जास्त पडतात.

सायनोअॅक्रिलेटची उघडलेली ट्यूब वर्षानुवर्षं टिकत नाही. थेंब दाट, तार धरणारा झाला असेल तर फेकून द्या. पाच-दहा रुपयांची नवी छोटी ट्यूब घेऊन एका बाणावर करून पाहणं ही स्वस्त चाचणी आहे. ट्यूब हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड ट्यूबवर बाष्प जमतं.

हवामानाचा परिणामही दिसतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हा ग्लू इतक्या लवकर धरतो की वेन टेकवण्याआधीच वरचा थर सुकलेला असतो. ग्लूभोवतीची पांढरी भुकटी दमट, कोंडलेल्या हवेत आणि जास्त ग्लू लावल्यावर येते. वेन घट्ट असेल तर ती भुकटी फक्त दिसायला वाईट. विदर्भात मे महिन्यात उलटं घडतं, कोरड्या हवेत ग्लू रेंगाळतो, तिथे क्लॅम्प दुप्पट वेळ ठेवा. उन्हात बंद गाडीच्या डिकीत बाण ठेवू नका. वेन मऊ पडून लाटेसारख्या वाकतात, आणि हॉट मेल्टने (तापवून लावायच्या ग्लूने) बसवलेले पॉइंटसुद्धा (बाणाची पुढची टोकं) सैल होतात.

सायनोअ‍ॅक्रिलेट सांडला तर कापडाने किंवा कापसाने पुसू नका. कापसाच्या धाग्यांशी त्याची जोरात प्रक्रिया होऊन चटका बसेल इतकी उष्णता निघते, धूरही येऊ शकतो. बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा, ओढू नका.

६. शाफ्टची सफाई

वेन पडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, म्हणून इथे वेळ द्या.

जुना ग्लू आधी पूर्ण काढा. बोथट सुरीचं पातं शाफ्टला जवळजवळ समांतर धरून ढकला. धारदार ब्लेड उभं धरलं तर कार्बनच्या धाग्यांना खाच पडते, आणि तिथूनच पुढे तडा जातो. उरलेला पापुद्रा अ‍ॅसिटोनने ओल्या केलेल्या कापडाने पुसा. अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅसिटोन बिनधास्त चालतो. कार्बनवर फक्त पुसायचं, बुडवायचं नाही, शाफ्टच्या उघड्या टोकातूनही आत जाऊ द्यायचं नाही. लाखेचा थर असलेल्या लाकडी किंवा बांबूच्या बाणावर अ‍ॅसिटोन नकोच, तो लाखच उतरवतो. नॉक आधी काढून ठेवा. पारदर्शक पॉलीकार्बोनेटच्या नॉकला अ‍ॅसिटोन लागला की त्यात बारीक चिरा पडतात, त्या लगेच दिसत नाहीत आणि नंतर दोरी सुटताना नॉक फुटतो. हे काम खिडकी उघडून, गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब करा, अ‍ॅसिटोनची वाफ पेट घेते.

नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात बरेचदा तेल आणि सुगंध असतो. सॅनिटायझरही नाही, त्यातलं ग्लिसरीन शाफ्टवर थर सोडतं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतो, शेवटचा हात त्याचाच द्या.

मग शाफ्टची चकाकी घालवा. भांडी घासायची हिरवी घासणी किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फक्त वेनच्या पट्ट्यापुरता, हलक्या हाताने फिरवा. चमक जाऊन मंद दिसायला लागलं की थांबा, धागे दिसायला लागले तर जास्त झालं. ओलं घासायचं कारण असं, की कार्बनची कोरडी पूड श्वासात जाणं चांगलं नाही आणि ती कातडीलाही खाजते.

आता पाण्याची चाचणी. घासलेल्या भागावर नळाचं पाणी सोडा. पाण्याचे थेंब थेंब होऊन ते गोळा झाले तर अजून तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. पाण्याचा सलग पातळ पापुद्रा पसरला तर शाफ्ट तयार. कोरडा करा, अल्कोहोलचा एक हात द्या, आणि त्यानंतर त्या भागाला बोट लावू नका. वडा खाऊन आलेलं बोट एकदाच लागलं तरी सगळी मेहनत वाया जाते.

शाफ्टवर रॅप (वेनखाली गुंडाळलेलं चिकट आवरण) असेल तर तो शाफ्टवर पक्का आहे का ते आधी पाहा. रॅपची कड उचलली असेल तर वेन रॅपला घट्ट धरून रॅपसकट निघते आणि दोष मात्र ग्लूला लागतो. असा रॅप पूर्ण काढून नवा लावा.

७. वेनचा तळ

प्लास्टिकच्या वेन साच्यातून काढताना वापरलेल्या पदार्थाचा थर तळावर राहू शकतो. शिवाय मऊ प्लास्टिकमधून तेलकटपणा बाहेर येतो, जुन्या पाकिटात जास्त. तळावर अल्कोहोलचा एकच हात द्या आणि सुकू द्या. अ‍ॅसिटोन वेनला लावू नका, ती विरघळते किंवा वाकडी होते. मात्र काही वेनच्या तळावर कारखान्यातच ग्लू धरणारा थर दिलेला असतो. पाकिटावर तसं लिहिलं असेल तर तळ पुसूच नका, तो थर निघून जातो. पाकिटावर प्राइमर (ग्लूच्या आधी लावायचा थर) सांगितला असेल तर प्राइमर पेन वापरा, तो वगळून कुठलाही ग्लू तिथे टिकत नाही.

८. जिग आणि क्लॅम्प

जिग म्हणजे शाफ्ट आणि क्लॅम्प धरून ठेवणारा साचा. वेन क्लॅम्पमध्ये लावा, ग्लू न लावता शाफ्टवर टेकवा आणि मागून टॉर्चचा उजेड टाका. तळाखालून कुठेही उजेड दिसायला नको. बारीक शाफ्टवर हेलिकल (वेनला पीळ देणारा) क्लॅम्प वापरला की टोकं उचललेली राहतात. अशा वेळी सरळ क्लॅम्पवर १ ते २ अंशांचा ऑफसेट (तिरकेपणा) द्या, फिरकी पुरेशी मिळते. वेनची उंची क्लॅम्पमध्ये प्रत्येक वेळी सारखी येते ना, हेही पाहा, क्लॅम्पच्या खाचेत जुना ग्लू साठला की ती तिरकी बसते.

नॉकच्या खाचेपासून वेनचं मागचं टोक साधारण २० ते २५ मिलिमीटर ठेवा. त्यापेक्षा जवळ गेलं तर बोटं किंवा टॅब (बोटांवरचं संरक्षक कवच) लागतो. शेवटी प्रत्येक वेनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला ग्लूचा एक बारीक थेंब द्या. पुढचा थेंब सर्वांत महत्त्वाचा, बाण लक्ष्यात शिरताना पहिला मार तिथेच बसतो.

स्पर्धेला जाणार असाल तर लक्षात ठेवा, वर्ल्ड आर्चरीच्या नियमांनुसार एका एंडमध्ये (सलग मारायच्या बाणांच्या एका संचात) वापरलेल्या सगळ्या बाणांची वेन, नॉक आणि रंगांची रचना सारखीच लागते, आणि शाफ्टवर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं हवीत. दुरुस्तीसाठी त्याच रंगाच्या वेनचं एक पाकीट बाजूला ठेवा.

९. प्रकारच चुकीचा निवडलाय का?

सगळं नीट करूनही दर आठवड्याला तेच होत असेल तर वेनचा प्रकार बदलायचा विचार करा.

बांबूच्या किंवा लाकडी धनुष्यावर, हातावरून किंवा साध्या शेल्फवरून (धनुष्यावरच्या खाचेवरून) बाण सोडणाऱ्यांना प्लास्टिक वेन नकोच. ती दबत नाही, आपटून बाणाला धक्का देते आणि स्वतः निघते. तिथे पिसंच हवीत, ती दाबली की आडवी पडतात आणि पुन्हा उभी राहतात. एका बाणावर डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं मिसळू नका, आणि हेलिकल क्लॅम्पची दिशा पिसाच्या पंखाशी जुळवा. पिसाच्या देठाचं पुढचं टोक घासून उतरतं करा, त्यावर ग्लूचा थेंब द्या किंवा रेशमी दोऱ्याचे पाच-सहा वेढे आवळा. हे सजावटीसाठी नाही. उचकटलेला देठ हातावरून जाताना कातडीत घुसतो. पिसं भिजली की बसतात, म्हणून पावसात उघड्यावर सराव करणाऱ्याने भाता झाकायची सोय आधी करावी.

७० मीटरवर मारणाऱ्या रिकर्व्ह खेळाडूंच्या बारीक शाफ्टवर स्पिन वेन असतात. त्या ग्लूने नाही, दुहेरी चिकट टेपने बसतात. त्या निघत असतील तर टेप जुनी आहे किंवा टोकांवरची बारीक पट्टी सैल आहे. पट्टीचे दोन ते तीन वेढे किंचित ताणून घ्या. स्पिन वेन मुळातच नाजूक असते, ती फाटणं हा दोष मानू नका. टेप आणि चार-सहा जादा वेन भात्यात ठेवा, मैदानावरच बदला. उजव्या आणि डाव्या हाताच्या स्पिन वेन वेगळ्या येतात, पाकीट पाहून घ्या.

कंपाउंडला दोन इंचाच्या आसपासची आखूड, ताठ वेन बहुतेकांना पुरते. उंच वेन केबलला लागत असेल तर कमी उंचीची घ्या. नवशिक्या रिकर्व्ह खेळाडूला मात्र स्पिन वेनपेक्षा मऊ प्लास्टिक वेन जास्त दिवस साथ देते.

इथे थांबा

लिपस्टिकचा डाग नॉक फिरवूनही जात नसेल, तर प्रशिक्षकाकडे जा. स्पाइन, प्लंजर आणि नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक बसवायची जागा) एकत्र पाहावे लागतात.

कंपाउंडचा ड्रॉप-अवे रेस्ट (बाण सुटताना खाली पडणारा रेस्ट) उशिरा पडत असेल किंवा कॅमचा (टोकांवरच्या चाकांचा) मेळ बिघडला असेल, तर बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) असलेल्या तंत्रज्ञाशिवाय त्याला हात लावू नका. कंपाउंडची दोरी घरी उतरवणं जिवावर बेतू शकतं.

नॉकचा पिन किंवा बुश (ज्यावर किंवा ज्यात नॉक बसतो तो तुकडा) वाकला असेल आणि शाफ्टचं मागचं टोक फाटलं असेल, तर वेन बदलण्यात अर्थ नाही, शाफ्टच बदलायचा.

ग्लू डोळ्यात गेला तर पापण्या ओढून उघडू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. कार्बनचा तुकडा हातात रुतला तर घरी सुईने कोरू नका. तो आत तुटतो आणि एक्स-रेमध्ये सहज दिसतही नाही. सरळ डॉक्टरकडे जा आणि तुकडा कार्बनचा आहे हे स्पष्ट सांगा.

तंत्रज्ञाकडे जाताना धनुष्य, वेन निघालेले दोन बाण, शाबूत असलेला एक बाण, निघालेल्या वेन आणि कुठल्या बाणाची कुठली वेन निघाली याचं टिपण बरोबर न्या. ग्लूचं आणि वेनचं पाकीटही न्या.